चवीचा शेरा

गोदावरीबाईंच्या नवऱ्याला परान्न चालत नसे, आणि एवढ्या एका गोष्टीपायी त्यांचं सगळं आयुष्य चुलीशी बांधलं गेलं होतं.

मुलगी लहान असताना तिला विषमज्वर झाला. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा विष्णुपंत औदुंबरला गेले आणि दत्तापुढं उभं राहून म्हणाले, पोर उठून बसू दे, जन्मभर दुसऱ्याच्या घरचं अन्न घेणार नाही. पोर उठली. पुढं तिचं लग्न होऊन ती साताऱ्याला नांदायलाही गेली. पंतांचं परान्न मात्र सुटलं ते सुटलंच. लग्नाकार्यात ते पंगतीतून फिरून सगळ्यांना आग्रह करत आणि स्वतः दूध-केळं घेऊन बाजूला बसत. लोक म्हणत, काय निग्रह आहे हो! त्या निग्रहाला दोन्ही वेळा गरम वाढावं लागतं, हे लोकांच्या ध्यानात येत नसे. आईच्या आजारपणात गोदावरीबाई वाईला गेल्या त्या तिसऱ्या दिवशी परत आल्या, कारण करून ठेवलेल्या दशम्या संपल्या होत्या. आई गेली तेव्हाही तसंच. अंगात ताप असला तरी त्या उठून भात टाकत. पंत वाईट होते असं नाही. आमटीत मीठ पडलं नसलं तरी ते अवाक्षर काढत नसत. पान तेवढं वेळेवर लागे.

गाव कृष्णाकाठचं, सांगलीच्या रस्त्यावरचं. बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. नगरपालिकेवर प्रशासक आले होते. तरुण, चष्मा लावणारे आणि सदा घाईत असणारे. पालिकेनं दवाखाना चालवावा, चुली कशाला फुंकाव्यात, असं त्यांचं मत पडलं. पालिकेच्या प्रसूतिगृहाचं स्वयंपाकघर बंद झालं आणि बाळंतिणींच्या जेवणाचा मक्ता लालासाहेबांना मिळाला. एस.टी. स्टँडसमोरची मोठी खानावळ त्यांचीच. करारात पुष्कळ अटी होत्या. बाळंतिणीला दोन्ही वेळा ताजं अन्न, दूध, पालेभाजी, एक दिवसाआड तुपाचा शिरा. आणि एक अट अशी की पालिकेच्या जबाबदार नोकरानं रोज अन्न स्वतः चाखून शेरा द्यावा, मगच वाढप व्हावं. वर्षाच्या शेवटी त्यानं शिफारस केली तर मक्ता पुढची पाच वर्षं त्याच माणसाकडं राहील.

जबाबदार नोकर म्हणून साहेबांनी विष्णुपंतांना नेमलं. आरोग्य खात्याचे हेडक्लार्क. सगळ्या पालिकेत त्यांच्याइतका सरळ माणूस नाही, कुणाचा चहासुद्धा घेत नाहीत, असं साहेबांना कुणीतरी सांगितलं होतं. ते खरंच होतं. चहासुद्धा परान्नच.

पंतांनी साहेबांना काही सांगितलं नाही. घरी येऊन टोपी खुंटीला लावत ते म्हणाले, "लालासाहेबांना म्हटलंय, चाखणीचा डबा सकाळी घरी पाठवा. तू चाखून सांग, मी शेरा लिहीन."

"मी?"

"अगं, तू काय आणि मी काय. मीठमसाला तुला माझ्यापेक्षा जास्त कळतो."

लालासाहेब पहिल्या दिवशी स्वतः डबा घेऊन आले. उंच, पांढरं धोतर, तोंडभर हसणं. ओट्यावर बसले, पण घरातलं पाणीसुद्धा मागून घेतलं नाही.

"काय पंत, आमच्या हातचं चालत न्हाई व्हय?"

"लालासाहेब, मला सख्ख्या बहिणीच्या हातचं चालत नाही. वाईट वाटून घेऊ नका."

"वाईट कशाचं वं? वैनी चाखत्यात न्हवं? आवं, घरची लक्ष्मी बरं म्हनली की सरकार बरं म्हनलं." आणि जाताना दारातून म्हणाले, "वैनी, कमीजास्त आसलं तर सांगा. लाजू नगासा."

गोदावरीबाईंनी डबा उघडला. पितळेचा, तीन पुडांचा. खालच्या पुडात मेथीची भाजी, मधल्यात आमटी आणि वर शिरा. त्यांनी बोटावर आमटी घेऊन चाखली. मग वाटी काढली. मग भात वाढून घेतला. आपण बसलो आहोत आणि आपल्यापुढं दुसऱ्या कुणीतरी रांधलेलं गरम अन्न आहे, असं किती वर्षांत झालं नव्हतं हे त्यांना आठवेना. सासूबाईंच्या राज्यात नाही, माहेरी गेल्यावर तर दुसऱ्या दिवसापासून परतीची घाई. त्या जेवल्या. अगदी सावकाश, खिडकीतून कुणी बघत नाही ना हे बघत जेवल्या.

"कसं काय?" पंतांनी विचारलं.

"उत्तम आहे."

पंतांनी शेरा लिहिला, उत्तम.

मग रोजच डबा येऊ लागला. पंत संध्याकाळी घरी आल्यावर विचारून शेरा लिहीत. डबा घेऊन बनुबाई येई. पन्नाशीची, काटक, मोठं कुंकू लावणारी. ती प्रसूतिगृहात आया होती. दारात डबा ठेवून ती पायरीवर टेके, तंबाखूची चिमूट तोंडात टाके आणि गोदावरीबाईंचं चाखणं होईपर्यंत वाट बघे.

"काय म्हनत्याय भाजी?"

"छान झालीय ग."

"बरं हाय मग," असं म्हणून ती रिकामा डबा उचलून घेऊन जाई. कधी तिच्या तोंडावर हसू असे, कधी नसे. गोदावरीबाईंना त्यात काही दिसलं नाही.

दिसलं नाही म्हणणंही तितकंसं खरं नाही. आमटीला मसाला त्याच दिवशी भाजून कुटलेला असे. दुधीच्या भाजीवर ओलं खोबरं असे. तीसचाळीस बाया जेवणार आणि त्यांच्या भाजीत कुणी खोबरं खवून घालणार? स्वयंपाकात आयुष्य गेलेल्या बाईला हे कळायला हवं होतं. ते कळतही होतं. पण सकाळी पंतांची आंघोळ, पूजा आणि जेवण उरकून ते कचेरीत गेले की अकराच्या सुमाराला त्या डब्याची चाहूल घेत बसत. तो एक घटकाभराचा विसावा होता, आणि विसावा मिळाल्यावर त्याची चौकशी कोण करतं?

वर्ष संपत आलं. पंत घरी शिफारशीचा मजकूर जुळवू लागले. त्याच आठवड्यात शेजारची चारुशीला बाळंत झाली. मुलगा झाला. गोदावरीबाई अळिवाचे लाडू घेऊन तिला बघायला प्रसूतिगृहात गेल्या. त्या दिवशीचा डबा चाखूनच त्या निघाल्या होत्या, त्यामुळं पोचल्या तेव्हा तिथं जेवणं चालली होती.

चारुशीलेच्या घरून डबा आलेला होता. गावातल्या सगळ्याच बाळंतिणींना घरून येई. पालिकेचं जेवण जेवणाऱ्या त्या बाहेरगावच्या, ज्यांचं इथं कुणी नाही अशा. चारुशीलेच्या शेजारच्या खाटेवर अशीच एक होती. विजयमाला नावाची, माण तालुक्यातली. नवरा लष्करात, काश्मीरकडं. तिकडं दहिवडीला अडलेली बाई, जीपमधून इथं आणलेली. मुलगी झाली होती. सोबतीला आलेली सासू मेंढरं बघायला परत गेली होती.

बोलायचं म्हणून गोदावरीबाई तिला म्हणाल्या, "आज दुधीची भाजी चांगली झालीय, नाही?"

विजयमालानं तोंडातला घास थांबवून वर बघितलं. पलीकडच्या खाटेवरची बाईही वळून बघायला लागली.

"दुदी?" विजयमाला म्हणाली. "कुटली दुदी?"

"आजची... दुधी, खोबरं घातलेली."

"आवं, हितं दुदी म्हंजी आमाला ठावंच न्हाई. ही बगा की." तिनं ताट पुढं केलं. जाड, करडा भात. त्यावर पिवळं पाणी, त्यात डाळीचे चार दाणे तळाला बसलेले. कडेला एक भाकरी, कडा वाळलेली. "सकाळी ह्येच, सांच्याला ह्येच. दूद उतरंना म्हनून डाक्तरीन मला रागावती. म्या काय करू? पोर चोखून चोखून रडतीया."

पलीकडची म्हणाली, "शिरा येतो की कदीमदी. त्येला साखर दावून न्हेल्याली आसती."

दोघी हसल्या. विजयमालाला टाके पडले असावेत, कारण हसताना तिनं पोटावर हात धरला.

गोदावरीबाईंनी तिच्या ताटातलं ते पाणी बोटावर घेऊन चाखलं. कोमट होतं. हळद आणि मीठ. त्यांच्या जिभेवर अजून खोबऱ्याची चव होती.

"तुमी कोन?" विजयमालानं विचारलं. "दवाखान्याच्या का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "मी चारुशीलेकडं आलेय." आणि लाडवाचा डबा सगळाच्या सगळा विजयमालाच्या उशाशी ठेवून त्या बाहेर आल्या. चारुशीला मागून "काकू, अहो काकू" म्हणत राहिली.

व्हरांड्यात बनुबाई फरशी पुसत होती.

"बनुबाई, तो डबा कुठून येतो ग?"

बनुबाईनं फडकं पिळलं. "माझ्या घरनं."

"तुझ्या?"

"व्हय. मी करती. ह्या दवाखान्याची चूल माझीच व्हती की. पार पयल्यापासनं. ती बंद केली आन् माझ्या हातात फडकं दिलं. मग लालासाब म्हनला, बनुबाई, तुज्या हाताला चव हाय, एक डबा तेवडा करत जा, सामान मी देतो. तवापास्नं तुमच्या एकलीचा सैपाक करती."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

बनुबाई टाचांवर बसली. तिनं गोदावरीबाईंकडं नीट बघितलं.

"तुमी कवा इचारलासा? रोज डबा चाटूनपुसून परत दिलासा. मला वाटलं, वैनीस्नी ठावं हाय."

 गोदावरीबाई घरी आल्या, पाय धुतले आणि रात्रीच्या तांदळातले खडे काढत बसल्या. खडे काढून झाले तरी बसून राहिल्या.

संध्याकाळी पंत चहा घेत असताना त्यांनी सगळं सांगितलं. डब्याचं सांगितलं, ताटातल्या पाण्याचं सांगितलं. विजयमालाचं दूध उतरत नाही हेही सांगितलं. पंतांच्या हातात बशी तशीच राहिली.

"पण तूच तर रोज उत्तम म्हणत होतीस."

"डब्यातलं उत्तमच होतं."

"आता काय करायचं? वर्षभर मी उत्तम लिहिलंय."

"शिफारस करू नका."

"कशाच्या आधारावर? एका दिवसात चव गेली म्हणून? लालासाहेब काय म्हणेल? साहेब काय म्हणतील?" पंत उठून येरझारा घालू लागले. "थोडं समजुतीनं घेऊ. मी लालासाहेबाला बोलावून सांगतो, बाबा, सुधार."

"सुधारलं की नाही ते कोण बघणार?"

"तू बघशील."

"मी बघणार नाही," गोदावरीबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. चढवायला लागणारी ताकद त्यांच्यात उरली नव्हती. "उद्यापासून डबा घरात घेणार नाही. सरकारनं तुम्हाला चाखायला सांगितलंय. तुम्ही तिथं जा, त्या पातेल्यातलं चाखा आणि मग काय लिहायचं ते लिहा. पुढची पाच वर्षं त्या बाया ते पाणी पिणार आहेत, तुमच्या सहीवर."

"व्रत आहे माझं."

"ठाऊक आहे."

"पोरीच्या जिवासाठी घेतलंय ते."

"तिथंही पोरीच आहेत."

त्या रात्री पंत जेवले, पण दुसऱ्यांदा भात मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी बनुबाई आली तेव्हा गोदावरीबाई दारात पायात चपला घालूनच उभ्या होत्या. "डबा परत ने," त्या म्हणाल्या, "मीही येते."

प्रसूतिगृहाच्या मागच्या पडवीत दोन मोठी पातेली हातगाडीवरून येऊन उतरली होती. लालासाहेब बाकावर बसून पान लावत होते. गोदावरीबाईंना बघून ते उठले. "वैनी? उनाचं कशाला आलासा? डबा आला न्हाई का?"

"डबा आला होता."

तेवढ्यात फाटकातून पंत आले. टोपी, काळी छत्री, कपाळावर सकाळचं गंध. ते येतील याची गोदावरीबाईंना खात्री नव्हती. ते सरळ पातेल्याशी गेले आणि झाकण काढायला सांगितलं.

"पंत," लालासाहेब हसून म्हणाले, "तुमास्नी तर चालत न्हाई."

"झाकण काढा."

वाढणाऱ्यानं लालासाहेबांकडं बघितलं आणि झाकण काढलं. पंतांनी छत्री काखेत मारली, उजव्या हाताचा तळवा तीर्थ घेताना करतात तसा खोलगट केला आणि पुढं धरला.  वाढणाऱ्यानं त्यात पळीभर आमटी ओतली. पंतांनी एकदा गोदावरीबाईंकडं बघितलं. त्या बघण्यात राग होता, आणि दुसरंही काही होतं. इतक्या वर्षांच्या संसारात गोदावरीबाईंनी ते पाहिलं नव्हतं. मग पंतांनी डोळे मिटले आणि तीर्थासारखंच ते तोंडात घेतलं.

 बनुबाईनं पदर तोंडाला लावला होता.

"याला तुम्ही आमटी म्हणता?" पंत म्हणाले.

"आज जरा डाळ शिजली न्हाई, पंत. भट्टीचा घोळ झाला."

"भाजी कुठंय? मेथी?"

"पंत, बाजार मिळाला न्हाई..."

"शिरा?"

लालासाहेबांचं हसू गेलं. "आवं पंत, जरा बाजूला या, बोलू की. गावातल्या मानसाचं प्वाट भरतंय त्येच्यावर. आन् वरीसभर चांगलं व्हतं न्हवं? तुमीच लिवलंय."

पंतांनी तळवा धोतराला पुसला, जे त्यांनी जन्मात केलं नव्हतं, आणि ते कचेरीकडं गेले.

त्या दिवशी ते उशिरा घरी आले. टोपी खुंटीला न लावता पाटावर बसले. साहेबांनी पहिला प्रश्न तोच विचारला होता: वर्षभर उत्तम आणि आज अयोग्य, हे कसं? पंतांनी सांगून टाकलं. आपण एकही दिवस चाखलं नाही. पत्नी चाखत होती, घरी, डब्यातलं. साहेब आधी हसले. हसण्यासारखंच होतं, पंत म्हणाले. मग रागावले. लेखी खुलासा मागितला. आता पंतांना आरोग्य खात्यातून काढून जन्ममृत्यूच्या नोंदीवर बसवणार होते. कारकुनांच्या खोलीत बातमी त्यांच्याआधी पोचली होती. एकानं विचारलं म्हणे, पंत, शेरा लिहिताना सही तरी तुमचीच की वहिनींची?

"आणि मक्ता?" गोदावरीबाईंनी विचारलं.

"पुढं चालू नाही. नव्यानं निविदा निघेल. लालासाहेबही भरेल, त्याला कोण अडवणार?" पंत थांबले. "तू एवढंच विचारतेस."

"तुमचंही वाईट वाटतं मला," त्या म्हणाल्या. ते खरं होतं. पण मनात आधी आलं होतं ते मक्त्याचं.

निविदा निघाली. लालासाहेबांनी भरली, पण या खेपेला मक्ता इस्लामपूरकडच्या एका भाऊसोंना गेला. स्वयंपाकघर परत उघडलं नाही. बनुबाईच्या हातात फडकं राहिलं ते राहिलंच, डबाही गेला. ती एकदा वाटेत भेटली तेव्हा म्हणाली, "नवा हाय तवर बरं घालील. म्होरं बगू." विजयमाला तोवर लेक घेऊन गावी गेली होती. तिला दूध आलं की नाही हे कुणाला सांगता आलं नाही.

साहेबांनी मात्र एक गोष्ट केली. देखरेखीसाठी तीन बायकांची समिती नेमली, मानद. रोज एकीनं जाऊन पातेल्यातलं चाखायचं. डॉक्टरांची बायको, शाळेच्या मुख्याध्यापिका आणि तिसरं नाव गोदावरीबाईंचं. चाखण्याचा अनुभव असल्यामुळे, असं साहेब म्हणाले. ते थट्टेनं म्हणाले की मनापासून, हे पंतांना ठरवता आलं नाही.

आठवड्याभरात डॉक्टरांच्या बायकोला वेळ होईना, मुख्याध्यापिकांच्या परीक्षा आल्या, आणि रोजचं जाणं गोदावरीबाईंवर येऊन पडलं. पंतांनी औदुंबरला जाऊन देवापुढं नाक घासलं आणि व्रत परत घेतलं.

"घेतलंत?" गोदावरीबाईंनी विचारलं.

"घेतलं. मोडलेलं ठेवून कसं चालेल?"

"बरं." त्या चपला घालत होत्या. "जन्ममृत्यूची कचेरी दुपारी उघडते ना? मग सकाळी मी तिकडं असताना भात तुम्ही टाका. तांदूळ धुऊन ठेवलेत. स्वतःच्या हातचं काही परान्न नाही."

 पंत स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. आत पाऊल टाकावं की नाही हे त्यांना कळत नव्हतं.

"पाणी किती घालायचं?"

"तांदळाच्या वर बोटाचं दीड पेर येईल इतकं."

पहिल्या दिवशी भात करपला. दुसऱ्या दिवशी कच्चा राहिला. तिसऱ्या दिवशी कसा झाला हे त्यांनी सांगितलं नाही आणि गोदावरीबाईंनी विचारलं नाही. त्या प्रसूतिगृहाच्या पडवीत उभ्या होत्या. भाऊसोंच्या माणसानं पातेल्याचं झाकण काढलं. डाळ होती, कालच्यापेक्षा थोडी पातळ. मेथी होती, पण निवडलेली नव्हती, देठंच जास्त.

"डाळ कमी पडलीय," त्या म्हणाल्या.

"उद्या बगतो, काकू."

"काल पण हेच म्हणालास."

तो हसला. आतून कुठंतरी नवं मूल रडायला लागलं. वाढप खोळंबलं होतं, बाया ताटं घेऊन बसल्या होत्या. गोदावरीबाईंनी शेरा लिहिला, "डाळ पातळ, भाजी नीट निवडलेली नाही," खाली आपलं नाव घातलं, आणि पाय दुखत होते म्हणून तिथल्याच बाकावर बसून वाढप बघत राहिल्या.